दूध का बाधते?

‘डॉक्टर, दूध घेतलं की पोट फुगतं, गुडगुडतं आणि तासा-दोन तासांत धाव घ्यावी लागते.’ नवी मुंबईतील माझ्या दवाखान्यात ही तक्रार घेऊन आठवड्याला दोन-चार जण तरी येतात. येताना त्यांनी आपापल्या परीने निदानही केलेले असते. कोणी याला गॅस म्हणतो, कोणी जुनी आव, कोणी दुधाची ॲलर्जी, तर कोणी ‘आमची प्रकृतीच उष्ण’ असे म्हणून मोकळा होतो. काहींनी दूध कायमचे सोडलेले असते. काही लहान मुले दूध नको नको म्हणत असताना घरच्यांच्या धाकाने रोज पेला रिकामा करतात आणि शाळेत पोट धरून बसतात.

बाजारात माथाडी काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. ‘मला जुनी आव आहे’ असे त्याने आल्याआल्याच सांगितले. चार वर्षांत त्याने आवेच्या गोळ्यांचे सहा-सात कोर्स केले होते, तेही बऱ्याचदा औषधांच्या दुकानातून परस्पर घेऊन. गोळ्या चालू असताना तोंड कडू व्हायचे, भूक जायची आणि थोडे बरे वाटायचे. त्या दिवसांत तो दूध पीत नसे, हे बरे वाटण्याचे खरे कारण. गोळ्या संपल्या की अशक्तपणा भरून काढण्यासाठी तो पुन्हा सकाळी व्यायामानंतर अर्धा लिटर दूध घेई आणि दुखणे पुन्हा सुरू होई. शौचाच्या तपासणीत आवेचे जंतू नव्हते. वजन उत्तम होते, रक्तही चांगले होते. त्याला औषध लागलेच नाही. दुधाचा पेला लहान करावा लागला आणि उरलेल्या दुधाचे दही लावावे लागले.

हे कशामुळे घडते, ते आज समजून घेऊ. त्यात आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा वाटा आहे, तसाच आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचाही आहे.

ॲलर्जी वेगळी, न सोसणे वेगळे

प्रथम एक घोळ दूर करू. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या अन्नातील प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, धाप लागते, उलट्या होतात. अशा माणसाला तो पदार्थ चमचाभरही धोक्याचा ठरू शकतो. दुधाची ॲलर्जी प्रामुख्याने तान्ह्या व लहान मुलांत आढळते आणि त्यांपैकी बरीच मुले मोठेपणी तिच्यातून सुटतात.

न सोसणे हा प्रकार अगदी निराळा आहे. इथे संरक्षण यंत्रणेचा संबंध नाही. एखादा घटक पुरता पचत नाही, एवढेच. त्रास पोटापुरता राहतो आणि तो प्रमाणावर अवलंबून असतो. चहातले दूध चालते, पण पेलाभर चालत नाही, असे म्हणणारा माणूस बहुधा या दुसऱ्या गटातला असतो. ॲलर्जीत आपण ‘काय खाल्ले’ असे विचारतो. इथे ‘किती खाल्ले’ हे विचारायचे.

दुधातली साखर आणि आतड्यातली कात्री

दुधात एक नैसर्गिक साखर असते. तिला लॅक्टोज किंवा दुग्धशर्करा म्हणतात. गाई-म्हशीच्या दुधात तिचे प्रमाण साधारण ५ टक्के असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १० ग्रॅम. आईच्या दुधात ती त्याहून जास्त, ७ टक्क्यांच्या आसपास असते. ही साखर दोन लहान साखरा जोडून झालेली असते. जोडी तुटल्याशिवाय ती रक्तात शोषली जात नाही. ती तोडण्याचे काम लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज नावाचा पाचकरस करतो. लॅक्टेजला आपण कात्री म्हणू.

कात्री भरपूर असेल तर साखर लहान आतड्यातच संपते. कात्री कमी असेल तर न तुटलेली साखर तशीच पुढे सरकते. ती आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, म्हणून शौच पातळ होते. पुढे मोठ्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. त्यांना ही साखर म्हणजे मेजवानीच. ते ती आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन हे वायू तयार होतात. पोट फुगणे, गुडगुडणे, कळा येणे यांचा उगम इथे आहे. यातील काही हायड्रोजन रक्तात उतरून फुफ्फुसावाटे बाहेर पडतो. मोठ्या रुग्णालयांत लॅक्टोजचे पाणी पाजून श्वासातील हायड्रोजन मोजण्याची जी तपासणी करतात, तिचे तत्त्व हेच.

ही कात्री कोणाची टिकते?

सस्तन प्राण्यांचे पिल्लू आईचे दूध पिते, तोवर त्याला लॅक्टेज लागते. दूध सुटले की शरीर त्याचे उत्पादन हळूहळू कमी करते. गाय, कुत्रा, मांजर सर्वांत हेच घडते आणि जगातील बहुसंख्य माणसांतही तेच घडते. म्हणजे मोठेपणी दूध न पचणे ही माणसाची मूळ अवस्था आहे. मोठेपणी दूध पचणे हाच खरा अपवाद. ‘मला दूध पचत नाही, म्हणजे माझ्यात काही दोष आहे’ असे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हा अपवाद कसा घडला, याचा शोध २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी लावला. लॅक्टेज तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते, ते आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. जनुकांची लिपी चार अक्षरांची असते. या जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे १३,९१० अक्षरे अलीकडे एक जागा आहे. बहुतेकांत तिथे ‘सी’ हे अक्षर असते. काहींच्या पूर्वजांत त्या जागी ‘टी’ आले. हा बदल जणू दिव्याच्या बटणात झालेला बिघाड आहे. बटण बंदच होत नाही आणि लॅक्टेज आयुष्यभर तयार होत राहते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून जरी ‘टी’ आले, तरी दूध पचायला ते पुरते.

आता हे भारतीयांत कोठून आले? हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञ आणि इंग्लंडमधील केंब्रिजचे संशोधक यांनी मिळून देशभरातील दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की, भारतीयांत दूध पचविणारा जो मुख्य बदल आहे, तो युरोपातल्यासारखाच, त्याच मुळातून आलेला आहे. वायव्येकडे त्याचे प्रमाण जास्त असून दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसतसे ते कमी होत जाते. गुरे पाळणाऱ्या समाजांत ते अधिक सापडते. पूर्व आफ्रिकेतील गुराखी जमातींतही मोठेपणी दूध पचते. त्यांच्यात मात्र जवळपासच्याच दुसऱ्या अक्षरांत बदल झालेले आहेत, हे २००७ साली उघड झाले. एकच सोय निसर्गाने दोन ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी केली.

जनुकाचे हे गणित कळण्याआधीच आपल्या डॉक्टरांना त्याचा परिणाम दिसला होता. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिल्लीतील २७.४ टक्के लोकांना लॅक्टोज सोसले नाही. त्रिवेंद्रम व पाँडिचेरी येथे हेच प्रमाण ६६.६ टक्के होते.

आपल्या शेजारचा भारत

नवी मुंबईत हा सगळा नकाशा एका रांगेत बसलेला दिसतो. १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे शहर उभे राहिले आणि देशभरातून माणसे इथे आली. कळंबोलीच्या बाजूला पंजाबी वाहतूकदार आहेत, नेरूळ-वाशीला मलयाळी आणि तमिळ कुटुंबे आहेत, कोपरखैरण्याला साताऱ्या-सांगलीकडचे माथाडी आहेत आणि या सर्वांच्या आधीपासून दिवाळे, सारसोळे, बेलापूरचे आगरी-कोळी आहेत.

इमारतीतील पंजाबी शेजारी रात्री मोठा पेला भरून दूध पितो आणि शांत झोपतो. ते पाहून बाजूचे कुटुंबही मुलांना तोच नेम लावते. पण शेजाऱ्याची प्रकृती शेजाऱ्याची. आगरी-कोळी घरांतील जुने जेवण पाहा. तांदळाची भाकरी, भात, मासे, सुकट, नारळाचा रस. दुधाचा पेला त्यात फारसा कधी नव्हता आणि त्यावाचून खाडीवर जाळी ओढणारी, मिठागरात राबणारी माणसे दुबळी राहिली नाहीत. नारळाच्या दुधात लॅक्टोज नसते, हेही जाता जाता सांगतो.

मात्र यावरून ‘अमक्या जातीला दूध चालते, तमक्या जातीला नाही’ असा ठोकताळा कृपया करू नका. प्रमाण गटाचे असते, पोट एकट्याचे असते. एकाच आईच्या दोन मुलांत एकाला दूध पचेल आणि दुसऱ्याला पचणार नाही, असे सहज होऊ शकते.

मोठ्या आतड्यातले भाडेकरू

लॅक्टेज कमी असलेल्या सर्वांना सारखाच त्रास होत नाही. एकाला अर्ध्या पेल्यात कळा येतात, दुसरा पेलाभर पिऊनही खुशाल असतो. हा फरक अनेक गोष्टींनी पडतो. दूध रिकाम्या पोटी घेतले की जेवणाबरोबर, अन्न आतड्यातून किती वेगाने सरकते, आतडे किती हळवे आहे, या गोष्टी आहेतच. पण मोठा वाटा जिवाणूंचा आहे.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू असतात. जन्मल्यापासून आईकडून, घरातून, मातीतून, अन्नातून ते आपल्यात येऊन राहतात. आपण जे खातो, त्यावर त्यांची संख्या ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंची इतर देशांतील लोकांशी तुलना केली. तेव्हा आपल्याकडे प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू अधिक आढळले. प्रिव्होटेलाचा संबंध धान्ये व भाजीपाला यांवर आधारलेल्या आहाराशी जोडला जातो. म्हणजे भाकरी-भाजीने आपल्या आतड्यातील वस्तीही घडविलेली आहे.

जिवाणू माणसाला नवे पचन देऊ शकतात, याचे एक सुंदर उदाहरण जपानचे आहे. तिथे समुद्री शेवाळ रोजच्या जेवणात असते. त्यातील साखर पचविण्याचे जनुक माणसाजवळ नाही. पण जपानी लोकांच्या आतड्यातील काही जिवाणूंनी ते समुद्रातल्या जिवाणूंकडून मिळविले आहे. हे २०१० साली सिद्ध झाले.

दुधाच्या बाबतीतही जनुक आणि जिवाणू यांचे नाते दिसते. नेदरलँडमधील एका मोठ्या अभ्यासात २०१६ साली असे आढळले की, ज्यांचे जनुक लॅक्टेज टिकविणारे नाही अशी माणसे दूध पीत राहिली, तर त्यांच्या आतड्यात बिफिडो जातीचे जिवाणू वाढलेले असतात. त्यांना लॅक्टोज आवडते आणि ते आंबविताना ते हायड्रोजन तयार करीत नाहीत. अमेरिकेत १९९६ साली लॅक्टोज न पचणाऱ्या लोकांना काही दिवस रोज थोडे थोडे लॅक्टोज देऊन पाहिले. त्यांच्या श्वासातील हायड्रोजन कमी झाला. त्यांचे जनुक बदलले नव्हते, जिवाणू सरावले होते.

याचा व्यवहारातला अर्थ मोलाचा आहे. जनुक आपल्या हाती नाही, पण जिवाणू काही प्रमाणात आपल्या हाती आहेत. दूध एकदम तोडले की सरावही मोडतो. मग सणावाराला बासुंदीची एक वाटीसुद्धा बाधते. आणि विनाकारण घेतलेली जंतुनाशके या वस्तीचे नुकसान करतात, ही त्या माथाडी तरुणाच्या गोष्टीतली दुसरी बाजू.

दही-ताकाचे शहाणपण

आपल्या आज्यांनी जनुके पाहिली नव्हती, पण विरजण ओळखले होते. दूध विरजले की त्यातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग स्वतःच खाऊन त्याचे आम्ल करतात. म्हणून दही आंबट. शिवाय दह्यातील जिवाणूंजवळ त्यांची स्वतःची कात्री असते आणि ती आपल्या आतड्यातही काही काळ काम करते. दही घट्ट असल्याने पोटातून हळूहळू पुढे सरकते. या तीन कारणांनी पेलाभर दूध न सोसणाऱ्या माणसाला वाटीभर दही बहुधा सोसते.

मंगोलियातील पशुपालक याचे मोठे उदाहरण आहेत. त्यांच्यातील फार थोड्या लोकांत दूध पचविणारे जनुक आहे. तरीही त्यांचे जेवण हजारो वर्षे दुधाच्या पदार्थांवर चालत आले आहे, कारण ते दूध मुख्यतः आंबवून खातात.

आपल्या स्वयंपाकघरातील पदार्थांचा हिशेब असा मांडता येईल. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते. चक्का टांगल्यावर पाण्याबरोबर बरेचसे लॅक्टोज निघून जाते, त्यामुळे घरचे श्रीखंड अनेकांना चालते. पनीरचेही तसेच, कारण त्याचेही पाणी आपण काढून टाकतो. दही आणि ताक मधल्या पायरीवर. साध्या दुधात पूर्ण लॅक्टोज. आणि खवा, पेढा, बासुंदी, दुधाची पावडर यांत पाणी आटलेले असल्याने लॅक्टोज एकवटलेले असते. पेढ्यांनी त्रास झाला की आपण तुपाला दोष देतो. पुष्कळदा दोषी तूप नसते, खवा असतो.

डाळी आणि गहू

‘मग मला वालाने गॅस का होतो?’ हा प्रश्न येणारच. वाल, राजमा, वाटाणा, हरभरा यांत काही साखरा अशा आहेत की, त्या तोडणारा पाचकरस कोणत्याही माणसाजवळ नाही. त्या सर्वांच्याच मोठ्या आतड्यात जातात आणि जिवाणू त्यांचा वायू करतात. थंडीत रायगडच्या बाजूला पोपटी खाऊन आलेल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको! हा आजार नव्हे. कडधान्य भिजवून पाणी टाकून दिले, मोड आणले आणि नीट शिजवले, तर या साखरा कमी होतात. वालाला मोड आणून, सोलून बिरडे करण्याची आपली रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. कांदा, लसूण आणि गहू यांतही आंबणारे घटक असतात. हळव्या आतड्याच्या माणसाला त्यांचा त्रास होऊ शकतो; तिथेही प्रमाण पाहावे.

गव्हाच्या बाबतीत मात्र एक खरा आजार आहे, सीलिॲक नावाचा. यात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्याचे अस्तर खराब करते. मूल वाढत नाही, पोट मोठे दिसते, हातपाय काटकुळे राहतात, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. याला विशिष्ट जनुके लागतात. ती पुष्कळांजवळ असतात, आजार मात्र त्यांतल्या थोड्यांनाच होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात या आजाराच्या खुणा रक्तात सापडण्याचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के होते. उत्तरेत गहू कितीतरी जास्त खाल्ला जातो, हा त्यातला मोठा फरक. अशी शंका असल्यास एक गोष्ट लक्षात ठेवा. रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर तपासणी खोटा निर्वाळा देते.

घरच्या घरी पडताळा

पुढे दिलेली धोक्याची लक्षणे नसतील, तर मोठ्या माणसाने हा साधा प्रयोग करून पाहावा. त्यासाठी एक वही आणि एक ठरावीक पेला पुरे.

पहिले दोन आठवडे दूध, खवा, पेढे, आइस्क्रीम आणि दुधाची पावडर असलेले पदार्थ बंद ठेवावेत. बाकीचा आहार नेहमीसारखाच ठेवावा. एकाच वेळी दहा गोष्टी सोडल्या तर काहीच कळत नाही. रोज पोट कसे होते, हे एका ओळीत लिहावे. त्रास तसाच राहिला, तर दूध निर्दोष आहे. कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

त्रास गेला, तर तिसऱ्या आठवड्यात एकेक पायरी चढावी. तीन दिवस दुधाचा चहा. मग तीन दिवस जेवणानंतर वाटीभर दही. मग तीन दिवस जेवणाबरोबर अर्धा पेला दूध. मग पूर्ण पेला. ज्या पायरीवर त्रास सुरू होईल, त्याच्या खालची पायरी ही तुमची मर्यादा. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१० सालच्या परिषदेने असा निष्कर्ष काढला की, लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण पेलाभर दुधाएवढे, लॅक्टोज फारशा त्रासाविना चालते. म्हणून दूध पूर्ण सोडण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

ज्यांना खरोखर सोडावे लागते, त्यांनी चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, भरपाई केलीच पाहिजे. पेलाभर दुधात सुमारे २४० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास आहे. तीळ, राजगिऱ्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी लहान मासळी हीही उत्तम साधने आहेत. बाजारात लॅक्टोज काढून टाकलेले दूधही मिळते.

इथे मात्र थांबू नका

पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल, तर घरगुती प्रयोग करीत न बसता डॉक्टरांकडे जावे: शौचावाटे रक्त, वजन घटणे, संध्याकाळचा ताप, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, रक्त कमी असणे, वाढ खुंटलेले मूल, किंवा पन्नाशीच्या सुमारास शौचाच्या सवयीत प्रथमच झालेला बदल. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून आहे आणि तो सुरुवातीला ‘गॅस’चेच सोंग घेतो. आतड्याचा कर्करोगही तसाच फसवतो. ‘मला दूध चालत नाही एवढंच’ म्हणत अशा रुग्णाने सहा महिने घालविले, तर ते परत मिळत नाहीत.

शंका-समाधान

*चार महिन्यांच्या बाळाला जुलाब झाले. अंगावरचे दूध बंद करावे, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. काय करावे?*

अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. जुलाबाने आतड्याचे अस्तर सोलवटते आणि लॅक्टेज काही काळ कमी पडते, हे खरे. पण ते तात्पुरते असते आणि अस्तर भरून आले की परत येते. या काळात आईचे दूध हेच बाळाचे अन्न, पाणी आणि औषध. ते अधिक वेळा पाजावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जलसंजीवनी व झिंक द्यावे. जन्मतःच लॅक्टेज नसणे हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे. मोठ्या माणसांनाही जुलाबानंतर काही दिवस दूध बाधते. तेव्हा मुगाची खिचडी, दहीभात घ्यावा.

*माझा आठ वर्षांचा मुलगा दूध पाहिले की रडतो. वाढ कशी होईल?*

त्याला जेवणाबरोबर दही, ताक, नाचणीचे सत्त्व, अंडे, मासे, डाळ देऊन पाहा. मूल उंची-वजनात नीट वाढत असेल, तर पेल्यासाठी रोज युद्ध नको. ‘नाटक करतो’ म्हणण्याआधी त्याचे पोट खरेच दुखते का, हे पाहावे. पुष्कळदा मूल खरे बोलत असते.

*देशी गाईचे ए-टू दूध घेतले तर चालेल का?*

ए-वन, ए-टू हा फरक दुधातील प्रथिनाचा आहे. लॅक्टोज दोन्हींत सारखेच असते. ज्याला लॅक्टोज सोसत नाही, त्याने महाग दूध घेऊन हा प्रश्न सुटणार नाही.

*रक्ताच्या एका थेंबात दोनशे पदार्थांची तपासणी करून काय खायचे नाही ते सांगतात. करावी का?*

या तपासण्यांत बहुधा आयजीजी नावाची प्रतिपिंडे मोजतात. ती असणे म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, एवढेच. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि अमेरिकेतील संघटनेने २०१० साली, अन्न न सोसण्याच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. हातात चाळीस पदार्थांची यादी घेऊन आलेल्या एक ताई मी पाहिल्या आहेत. वर्षभरात त्यांनी दूध, गहू, तूर, अंडे, शेंगदाणे सर्व सोडले होते. पोट तसेच होते. रक्त मात्र कमी झाले होते आणि गुडघे दुखू लागले होते. त्यांना एकेक पदार्थ परत देण्यात तीन महिने गेले. पैसे गेले ते वेगळेच.

थोडक्यात सांगायचे, तर पेलाभर दूध न पचणे हा रोग नाही आणि त्यावर औषधांचे कोर्सही नाहीत. आपली मर्यादा वहीत लिहून शोधावी, जेवणाबरोबर थोडे थोडे घ्यावे, दह्या-ताकाला जवळ करावे, आवेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत आणि एकेक अन्न अंदाजाने सोडत जाऊ नये. धोक्याची लक्षणे असतील, तर मात्र दुधाला दोष देत न बसता तपासून घ्यावे.